गारा, काचेचा पाऊस आणि आडवा पडलेला गहू

माळव्यातली_मावशी (इंदूर)

परवा संध्याकाळी पावणेपाचला आमच्या देपालपूरकडच्या शेतावर गारा पडल्या. दहा-बारा मिनिटंच, पण पुरल्या. मी इथे सुदामानगरात. इथे नुसता वारा सुटला आणि अंगणात चार थेंब पडले. वाट्याने शेत कसणाऱ्या बटाईदाराचा फोन आला. "काकीजी, सब आड़ा पड़ गया," एवढंच बोलला, मग बराच वेळ दोघंही गप्पच.

काल पहिल्या बसने गेले. गहू भरत आला होता, आठ-दहा दिवसांत हार्वेस्टर लावायचा होता. बांधावरून पाहिलं तर म्हशींचा कळप रात्रभर लोळून गेला असावा तसं शेत दिसत होतं. ओंब्या हातात घेऊन बघितल्या. काही मानेतून मोडलेल्या. ज्या उभ्या होत्या त्यांची एक बाजू भरलेली आणि दुसऱ्या बाजूला नुसती रिकामी टरफलं, दाणे खाली चिखलात. विहिरीमागे सावलीत पाचोळ्याखाली गारांचा एक ढीग अजून शिल्लक होता, चिकटून खडीसाखरेच्या ढेपेसारखा झालेला.

त्याच रात्री बहिणीच्या मुलीने मॉन्ट्रियलहून फोटो पाठवला. अंगणातल्या झाडाची एक डहाळी, आणि तिच्याभोवती काचेची नळी असावी तसं बर्फ. आतला एकेक अंकुर स्पष्ट दिसतोय. "मावशी, आमच्याकडेही बर्फाचं वादळ, सकाळपासून वीज नाही," असं लिहिलं होतं.

दोन प्रश्न आहेत. तिच्याकडचं हे आणि आपल्या गारा एकच का? आणि दुसरा, जास्त निकडीचा: शेताचं आता काय करू? हे होते तेव्हा सगळं तेच बघायचे. विमा आहे एवढं मला माहीत आहे, किसान क्रेडिट कार्डातून हप्ता कापला जातो.

---

सांवेरचा_शेतकरी

मावशी, पहिला प्रश्न नंतर. ७२ तास लक्षात ठेवा. गारा परवा पावणेपाचला पडल्या, म्हणजे उद्या पावणेपाचच्या आत तुमची सूचना नोंदली गेली पाहिजे. पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती धरतात, तिचं नुकसान गावाच्या सरासरीवर न मोजता तुमच्या शेतावर येऊन मोजतात. पण त्यासाठी तुम्ही स्वतः कळवायला हवं. १४४४७ वर फोन लावा, नाही लागला तर पीक विम्याच्या ॲपवर नोंदवा, आणि तरीही बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या. खसरा नंबर (शेताचा सर्व्हे नंबर), पीक, पेरणीचा अंदाजे दिवस, गारा कधी पडल्या ती वेळ, सगळं लिहा. नोंदीचा नंबर मिळतो तो वहीत उतरवून घ्या. पासबुकात बघा, रब्बीचा हप्ता कापलेला दिसला पाहिजे. गव्हाला विमा रकमेच्या दीड टक्का असतो.

आणि सर्वेवाला येईपर्यंत शेताला हात लावू नका. आडवं पडलेलं पीक बघवत नाही, माणूस घाईने कापून मोकळा होतो. मग मोजायला काही उरत नाही.

दुसरं, तहसीलमध्ये वेगळा अर्ज द्या. आर.बी.सी. ६(४) या महसूल खात्याच्या नियमाखाली सरकारी मदत मिळते, तिचा पंचनामा पटवारी करतो. विमा वेगळा आणि ही मदत वेगळी. मी हे स्वतःचं घालवून शिकलोय. तीन वर्षांपूर्वी माझा लसूण आणि गहू दोन्ही झोपले. एका कार्यालयात सांगितलं की गावाचा सर्वे होणारच आहे, वेगळा अर्ज लागत नाही. मी विश्वास ठेवला. गावाच्या सर्वेत माझी पट्टी आलीच नाही, कारण गारा ओढ्याच्या अलीकडे पडल्या होत्या आणि पाहणी पलीकडे झाली. तोवर ७२ तास केव्हाच होऊन गेले होते.

---

माळव्यातली_मावशी

भाऊ, आत्ताच फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला, नंबर मिळाला. खसऱ्याचा कागद यांच्या जुन्या पेटीत सापडला. उद्या सकाळी बँक आणि तहसील दोन्ही.

---

हवामानवेडा (इंदूर)

बरं झालं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं मी बघतो.

मावशी, दोन्हीत बर्फच, पण जन्म उलटा. आपल्याकडे फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या ढगाळ हवेच्या लाटा, येतात. खाली जमीन तापू लागलेली, वर उंचावर थंड हवा. खालची हवा जोरात वर चढते आणि उंच ढग बांधते. त्या ढगात पाणी शून्याच्या खाली जाऊनही थेंबरूपातच राहिलेलं असतं. त्याला बसायला काहीतरी लागतं. बर्फाचा एखादा कण मिळाला की त्याच्यावर थरावर थर चढतात, खालून येणारा वारा त्याला झेलत राहतो, आणि वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. मोठी गार मधोमध कापून पाहा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. एक दुधी, एक पारदर्शक. अडीच ते साडेचार सेंटिमीटरची गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने येते. गव्हाची मान तिथेच मोडते.

तुमच्या भाचीकडे वादळाचा गडगडाट नसतो. तिथे जमिनीलगत गोठवणारी थंड हवा बसलेली असते आणि तिच्यावरून उबदार हवेचा थर सरकत येतो. वरून निघालेला हिमकण त्या उबदार थरात वितळून पाणी होतो, मग शेवटच्या काही शे मीटरांत पुन्हा शून्याखाली थंड होतो, पण गोठायला सवड मिळत नाही. पाणी म्हणूनच खाली येतो आणि फांदी, तार, गाडी, पायरी, ज्याला शिवेल त्यावर त्या क्षणी काच होतो. म्हणून डहाळीभोवती नळी. हा पाऊस हळू पडतो, आवाज करत नाही, आणि दिवसभर पडत राहतो. गार मारते तो ठोसा. हा पाऊस ओझं चढवतो.

---

दांडियाबाजार (बडोदा)

मध्येच विचारते, क्षमस्व. आमच्या गच्चीवर मागच्या वर्षी सोलर बसवलं. गारांनी फुटतं का?

---

हवामानवेडा

चांगल्या पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळीने होते, सेकंदाला २३ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास. बोराएवढ्या गारांनी सहसा काही होत नाही. लिंबाएवढ्या पडल्या तर काच तडकू शकते, आणि काच शाबूत दिसली तरी आतल्या पट्ट्यांना चिरा जातात. गारांनंतर महिनाभर युनिट बघत राहा. अचानक कमी झाले तर तपासून घ्या.

---

मॉन्ट्रियलकर

मावशी, मी मूळचा इंदूरच्या रामबागेतला. १९९६ पासून इथे आहे. "बर्फाचं वादळ" हे शब्द वाचले आणि जानेवारी १९९८ आठवला, म्हणून लिहितो.

५ जानेवारीला, सोमवारी, पाऊस लागला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, मुलगी दोन वर्षांची. पहिल्या दिवशी बायको खिडकीत उभी राहून म्हणाली, किती सुंदर दिसतंय. खरंच दिसत होतं. दिव्याच्या खांबाखाली अख्खं झाड झुंबरासारखं लखलखत होतं. मंगळवारी रात्री आवाज सुरू झाले. फांदी मोडताना आधी एक कोरडा कडाका, मग काचेचं सामान जिन्यावरून सांडावं तसा खळखळाट. रात्रभर. लहानपणी आजोळी पोळ्याच्या वेळी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा असा आवाज लांबून यायचा, आणि त्या आवाजाने झोप यायची. त्या रात्री कुणीच झोपलं नाही.

वीज गेली ती आमच्या भागात सहा दिवस. इथली बहुतेक घरं विजेवरच गरम होतात, तेव्हा वीज गेली म्हणजे ऊब गेली, चूल गेली. शहराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, सेंत-यासिंत, ग्रॅनबी त्या बाजूला, कित्येकांना महिनाभर अंधारात काढावा लागला. त्या भागाला लोक काळा त्रिकोणच म्हणू लागले. शुक्रवारी, ९ तारखेला, पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांची वीज गेली आणि शहराचं पाणी संपायला आलं. आम्ही अंघोळीचा टब भरून ठेवला होता. तो रामबागेतला संस्कार. नळाचा भरवसा आमच्या आईने कधी धरला नाही.

पंधरा हजारांवर सैनिक आले. फांद्या तोडायला, म्हाताऱ्यांना घरातून बाहेर काढायला. बूशरव्हिल नावाच्या गावात तर रेल्वेचं डिझेल इंजिन रुळावरून उतरवून रस्त्याने चालवत नगरपालिकेच्या इमारतीपाशी नेलं आणि त्याच्यावर वीज घेतली. डांबरावर चाकांच्या खाचा पडल्या.

पण मला सांगायचंय ते वेगळं. पाऊस थांबल्यावर जास्त माणसं अडचणीत आली. आमच्या समोरच्या घरात बाहेर मांस भाजायची कोळशाची शेगडी थंडीमुळे आत आणली. खिडक्या बंद. सकाळी दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांनी ठोठावलं, तर आई-बाप अर्धवट शुद्धीत, मुलं ओकत होती. दवाखान्यात नेलं, वाचले. सगळेच वाचले नाहीत. बंद घरात शेगडी किंवा जनरेटर, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. आणि मग काही लोक छपरावरचा बर्फ काढायला चढले आणि घसरून गेले.

तुमच्या भाचीला एवढं सांगा: घर गार पडलं तर शेगडी पेटवू नकोस, मुलाबाळांना घेऊन जिथे वीज आहे तिथे जा. झाडाखालून चालू नकोस, ऊन पडल्यावर तर नाहीच. बर्फ वितळायला लागला की वरून विटेएवढे तुकडे सुटतात.

---

लष्कर_ग्वाल्हेर

शेगडीचं वाचून हात थरथरला. आमच्याकडे दर जानेवारीत पेपरात बातमी असते. खोली बंद, अंगीठी आत, सकाळी अख्खं कुटुंब गेलेलं. इकडे बर्फाचं वादळ लागत नाही त्याला, दोन अंशांची रात्र पुरते. जीवाजीगंजात आमच्या वाड्यात एका भाडेकरूच्या घरी हे होता होता राहिलं. त्यांचं मांजर दारावर नखं मारत होतं म्हणून माझी आत्या उठली. तेव्हापासून वाड्यात नियम आहे, शेगडी ओसरीवर, आत नाही. कितीही थंडी असो.

गारांबद्दल: ३० एप्रिल १८८८ ला मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसं मेली. गारपिटीच्या जगभरातल्या नोंदींत हा सर्वांत मोठा आकडा आहे. बहुतेक लोक उघड्यावर होते. शेतातल्या माणसांना सांगून ठेवा, गारा सुरू झाल्या की झाडाखाली धावायचं नाही (वीजही तिथेच पडते), डोक्यावर घमेलं, खाट, पोतं, जे मिळेल ते घ्यायचं.

---

पँथर_तार (इंदूर)

नमस्कार. वीज पारेषणात, म्हणजे मोठ्या लाइनींच्या कामात, चौतीस वर्षं काढली, आता घरी. हवामानवेडा साहेबांनी "ओझं" म्हटलं, त्याचा हिशोब मांडतो, कारण तो एकदा मांडला की १९९८ च्या त्या वादळात विजेचे मनोरे कसे कोसळले हे दिसतं.

आपल्याकडे १३२ केव्हीच्या मोठ्या लाइनीला पँथर नावाची तार असते. जाडी २१ मिलिमीटर, मीटरला वजन एक किलोला जरा कमी. तिच्याभोवती चहूबाजूंनी अडीच सेंटिमीटर बर्फ जमला तर मीटरला सव्वातीन किलो बर्फ चढतो. तारेच्या स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. दोन मनोऱ्यांमध्ये ३०० मीटर धरा, म्हणजे एका तारेवर जवळजवळ एक टन जादा. अशा तारा सहा. वर वारा, कारण बर्फाने जाड झालेल्या तारेला वारा जास्त धरतो आणि ती उड्या मारायला लागते. क्यूबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, त्या आठवड्यात काही ठिकाणी शंभर मिलिमीटरपर्यंत असा पाऊस झाला.

आणि मनोरा एकटा पडत नाही. दोन्ही बाजूंच्या तारा त्याला सारख्या ओढीने तोलून धरत असतात. एक पडला की शेजारच्याचा तोल एका बाजूने सुटतो, तो पडतो, मग त्याच्या शेजारचा. पत्त्यांसारखी रांग जाते. शेकडो पोलादी मनोरे आणि तीस हजारांवर लाकडी खांब असे गेले. नंतर तिथल्या वीजवाल्यांनी ठरावीक अंतरावर जास्त मजबूत मनोरे घातले, रांग तिथे अडावी म्हणून. मला त्यातलं हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं. सगळे मनोरे पोलादाचे डोंगर करण्याएवढा पैसा कुणाकडेच नसतो. पडझड कुठे थांबवायची ते ठरवता येतं.

माळव्यात तारांवर असा बर्फ चढत नाही. आपल्याकडे गारांच्या वाऱ्याने झाड ११ केव्हीवर पडतं आणि तार शेतात येते. मावशी, म्हणून विचारतो, तुमच्या शेतावरून लाइन जाते का? जात असेल तर आजच बटाईदाराला सांगा: खाली पडलेली तार मेली आहे असं धरून चालू नका. सुक्या मातीवर पडलेल्या तारेतून एवढा कमी प्रवाह जातो की सबस्टेशनला कळतच नाही, ती जिवंत पडून राहते. आणि वीज गेलेली असली तरी दुरुस्ती करता करता कुणी लाइन पुन्हा चालू करतं. काठीने, बांबूने उचलू नका. ओला बांबू म्हणजे तारच. जवळ उभे असाल तर लांब ढांगा न टाकता, पाय जमिनीला घासत, एकमेकांना चिकटवून मागे सरका. १९१२ ला फोन करा, आणि कुणी येईपर्यंत दहा मीटरवर माणूस उभा करा. गुरं बांधलेली असतील तर आधी ती त्या बाजूला जाणार नाहीत याची सोय करा.

---

माळव्यातली_मावशी

साहेब, तुमचं हे मी आज सकाळी बसमध्ये वाचलं.

शेतावर पोचले तर ओढ्याकडच्या कोपऱ्यात बाभळीची मोठी फांदी लोंबत होती आणि तार खाली, गव्हातून गेलेली. त्या दिवशी मी उलट्या बाजूने आले होते, दिसलीच नव्हती. बटाईदाराचा धाकटा, चौदा वर्षांचा, बांबू घेऊन निघाला होता. गहू वर उचलून बांधणार होता, जेवढा वाचेल तेवढा, आणि तार मध्ये येते म्हणून ती बांबूने बाजूला करणार होता. बांबू रात्रभर बाहेर पडलेला, ओला. पायात चप्पल नाही. मी बांधावरून ओरडले. आयुष्यात एवढी ओरडले नसेन. तो थांबला, पण त्याला कळेना मी का रागावले. "काकीजी, लाइट तो कब से बंद है," म्हणाला.

१९१२ ला फोन केला. तीन तासांनी लाइनमन आला. त्याने आधी लाइन बंद असल्याची फोनवरून दोनदा खात्री केली, मगच गव्हात उतरला. तोवर तो पोरगाच दहा मीटरवर पहाऱ्याला उभा होता, आणि आपल्या बापालाही त्याने पुढे येऊ दिलं नाही.

मला आणखी काही लिहवत नाही. तुमचे उपकार आहेत.

---

पँथर_तार

मावशी, मुलगा सुखरूप आहे, झालं. नोकरीत असताना असे पंचनामे मी पाहिले आहेत ज्यात कुणी वेळेवर ओरडलं नव्हतं.

---

हळदीकुंकू (इंदूर)

माझ्या सासूबाई गारा लागल्या की तवा उलटा करून अंगणात टाकायच्या. थांबतात म्हणायच्या. हिमाचलात सफरचंदाच्या बागांमध्ये आवाजाच्या तोफा लावतात असंही ऐकलं आहे. गव्हाला असं काही करता येतं का?

---

हवामानवेडा

तवा माझ्या आजीनेही टाकला आहे, ताई. गार थांबायची तेव्हा थांबायची. तोफांचं मात्र स्पष्ट सांगतो. त्या खरोखर गार अडवतात याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही, जागतिक हवामान संघटनेचंही तेच म्हणणं आहे. ढगात मेघगर्जना होतच असते, तिने गार विरघळत नाही. बागेवर जाळी लावली तर उपयोग होतो, कारण जाळी गार झेलते. पाच बिघे गव्हावर जाळी कोण लावणार? तिथे विमा आणि लवकर येणारं वाण, एवढंच हातात आहे.

---

सांवेरचा_शेतकरी

आणि कापून शेतात पसरलेल्या पिकावर गारा आल्या तरी चौदा दिवसांपर्यंत विमा लागू असतो, हे फार जणांना माहीत नसतं. तिथेही ७२ तासच.

---

माळव्यातली_मावशी

अकरा दिवसांनी लिहिते आहे.

सर्वे झाला. विम्याचा माणूस आणि पटवारी वेगवेगळ्या दिवशी आले. विम्याच्या माणसाने शेतात दोरीने चौकोन टाकला, आतल्या ओंब्या मोजल्या, मोडलेल्या वेगळ्या, रिकाम्या वेगळ्या. मी शेजारी बसून मोजत होते, शाळेत असल्यासारखी. नुकसान साठ टक्के लिहिलं. मी पंचनामा वाचून मगच सही केली, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पैसे केव्हा येतील ते सांगितलं नाही.

मग कापणी केली. आडव्या गव्हात हार्वेस्टर खाली धरावा लागतो, माती आत येते, तासाला जास्त पैसे गेले. पाच बिघ्यांत एरवी पन्नास-पंचावन्न क्विंटल येतो, या वेळी एकवीस. चमक गेलेली. व्यापाऱ्याने मुठीत घेतला, उजेडात धरला आणि परत पोत्यात टाकला, काही बोलला नाही. पाच क्विंटल घरी आणला आहे. पोळ्या होतात, थोड्या काळपट.

बटाईदाराचा वाटा मी पूर्ण दिला, मागच्या वर्षीच्या हिशोबाने. मदत आली तर त्यातून वळती करीन, नाही आली तर नाही.

भाचीकडे तिसऱ्या दिवशी वीज आली. त्या फोटोतलं झाड मधल्या दुबेळक्यात चिरलं, अर्धं कापावं लागलं. तिला शेगडीचं सगळं वाचून दाखवलं होतं. ती लेकीला घेऊन दोन रात्री मैत्रिणीकडे राहिली.

---

मॉन्ट्रियलकर

चिरलेल्या झाडाला अजून दोन वर्षं द्या म्हणावं. १९९८ मध्ये आमच्या गल्लीतलं एक मेपल अर्धं गेलं होतं, आज त्याची सावली आमच्या दारापर्यंत येते. ज्यांच्या साखरेच्या मेपलबागा गेल्या त्यांचं मात्र तसं नव्हतं. लावल्यापासून चाळीसेक वर्षांनी ते झाड रस द्यायला लागतं.

---

सांवेरचा_शेतकरी

मावशी, अर्जाची पोच, नोंदीचा नंबर आणि पंचनाम्याचा फोटो, तिन्ही एका ठिकाणी ठेवा. दोन महिन्यांत काही आलं नाही तर मला सांगा, मी तुमच्यासोबत तहसीलला येतो.

---

माळव्यातली_मावशी

ठेवलंय भाऊ. यांच्या पेटीत, खसऱ्याच्या कागदाबरोबर.